रॅटच्या पोटात बसणारा सेन्सर बनवायचाय? आधी रॅटचा विचार करा

औषधाच्या प्रयोगात रॅटला (म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला) पकडून नळीत घातलं, शेपटीला कफ (मोजणीचा पट्टा) लावला आणि हार्ट रेट मोजला की जो आकडा येतो त्यात त्याची भीतीही मिसळलेली असते, मग औषधाचा परिणाम कुठला आणि घाबरण्याचा कुठला हे वेगळं काढणं फार अवघड होतं. म्हणून सेन्सर आतच बसवायचा आणि त्याला पिंजऱ्यात हवं तसं फिरू द्यायचं, खाऊ द्यायचं, झोपू द्यायचं. पण आत बसवलेली वस्तूच त्याला टोचत असेल, जड होत असेल, तर परत डेटा खोटाच. त्यामुळे डिझाईनचा प्रत्येक निर्णय त्या जिवाला काय वाटेल इथूनच घ्यायचा असं माझं ठाम मत आहे. इथे आपण टेंपरेचर आणि ईसीजी (हृदयाचे विद्युत सिग्नल) मोजणारा साधा इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचा सेन्सर, धरून चालू.

सोल्डरिंगच्या आधी परवानगी. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली सीसीएसईए ही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे (जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात), तुमची संस्था तिच्याकडे रजिस्टर्ड हवी आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीने प्रोटोकॉल पास केलेला हवा. सर्जरी शिकलेला व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर) टीममध्ये नसेल तर बोर्ड टेबलावरच ठेवा, पुढे जाऊ नका.

आता वजन. शरीराच्या वजनाच्या 5 टक्क्यांच्या आत राहा असा ढोबळ नियम आहे, म्हणजे 300 ग्रॅमच्या रॅटला 15 ग्रॅम, पण तिथपर्यंत जायची गरज नसते, 6-7 ग्रॅमचं टार्गेट ठेवा. 25 ग्रॅमच्या माऊसला (छोट्या उंदराला) हाच नियम सव्वा ग्रॅमवर येतो, म्हणून पहिलं डिझाईन रॅटसाठीच करा.

वजन खाते ती बॅटरी. सीआर2032 हा नाण्यासारखा चपटा कॉइन सेल साधारण 3 ग्रॅमचा आणि 220 मिलीअँपिअर-अवरचा, सरासरी करंट 50 मायक्रोअँपिअर ठेवला तर हिशोबाने 4400 तास म्हणजे सहा महिने जातो. पण ईसीजीची सगळी वेव्ह सतत रेडिओवरून पाठवत बसलात तर हा हिशोब पार कोलमडतो. रॅटचं हृदय मिनिटाला 300 ते 450 ठोके मारतं, सॅम्पलिंग 1000 हर्ट्झला करा (म्हणजे सेकंदाला हजार वेळा मोजा), पण ठोके चिपवरच ओळखा आणि फक्त दोन ठोक्यांमधलं अंतर पाठवा, पूर्ण वेव्ह दर पाच मिनिटांनी दहा सेकंद आली तरी पुरते. टेंपरेचर मिनिटाला एकदा बास. आणि सेलला समांतर एक 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नक्की टाका, कारण रेडिओ चालू होताना एकदम करंट ओढतो आणि कॉइन सेलचा व्होल्टेज खाली बसतो. ऑन-ऑफसाठी रीड स्विच लावा, बाहेरून लोहचुंबक फिरवला की काम होतं.

2.4 गिगाहर्ट्झचे ब्लूटूथ चिप सहज मिळतात पण शरीरातलं पाणी हा सिग्नल शोषून घेतं आणि अँटेनाचं ट्यूनिंगही सरकतं, म्हणून अँटेना हवेत ट्यून करू नका, सील केलेला बोर्ड सलाईनच्या बाटलीत बुडवून करा. रिसीव्हर प्लॅस्टिकच्या पिंजऱ्याखाली ठेवा, वरची जाळी धातूची असते, ती सिग्नल अडवते. प्रत्येक इम्प्लांटला वेगळा आयडी द्या म्हणजे रॅटना एकत्र ठेवता येईल, हा कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला एकटं ठेवणं हाही ताणच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी आत शिरू न देणं. सेन्सर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल, सीलिंग तुम्हालाच जमवावं लागेल. सिलिकॉन काय, इपॉक्सी काय, दोन्हीतून पाण्याची वाफ हळूहळू जातेच, पण आत फ्लक्सचे (सोल्डरिंगला वापरतात त्या रसायनाचे) क्षार किंवा बुडबुडा राहिला असेल तर तिथे पाणी साचतं, गंज चढतो, करंट गळायला लागतो. म्हणून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये धुवायचा (रीड स्विच आणि बॅटरी त्यानंतर लावा), ओव्हनमध्ये कोरडा करायचा, मग पॅरिलीन-सी या पातळ प्लॅस्टिक लेपाचा 10-20 मायक्रॉनचा थर आणि त्यावर व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढलेलं मेडिकल ग्रेड सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन अजिबात नको, ते सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं आणि तांबं खातं. कडा गोल ठेवा, टाके घालायला सिलिकॉनचा छोटा भोकांचा कान ठेवा.

टेस्टसाठी बॅटरी नसलेले डमी बोर्ड 67 डिग्रीच्या सलाईनमध्ये ठेवून गळणारा करंट मोजत राहा. दर 10 डिग्रीला खराब होण्याचा वेग दुप्पट असं धरलं तर शरीरातल्या 37 डिग्रीच्या मानाने हे आठपट, म्हणजे सहा आठवड्यांत साधारण अकरा महिन्यांचा अंदाज येतो, अंदाजच बरं का, खात्री नाही.

ईसीजीच्या वायरी बारीक तारांच्या पिळाच्या आणि स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या घ्या, एकेरी तार रॅटच्या हालचालीने तुटते. निगेटिव्ह वायर उजव्या छातीवर वरच्या बाजूला, पॉझिटिव्ह डावीकडे खालच्या फासळ्यांजवळ. थर्मिस्टर (टेंपरेचर मोजणारा सेन्सर) वॉटर बाथमध्ये, म्हणजे ठराविक टेंपरेचरच्या पाण्यात, 35, 38, 41 डिग्रीला कॅलिब्रेट करून आकडे लिहून ठेवा.

इम्प्लांट निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (वाफेचं यंत्र) नको, त्याच्या 121 डिग्रीला बॅटरी जाते, म्हणून इथिलीन ऑक्साइड किंवा 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइड, आणि नंतर स्टराइल सलाईनने भरपूर धुणं. व्हेट इम्प्लांट पोटाच्या भिंतीला टाक्याने बांधेल, मोकळा सोडला तर आतड्यांमध्ये फिरतो. सर्जरीनंतर वेदनाशामक, उबदार पिंजरा, रोज वजन, यात कंजुषी नको. आठ-दहा दिवस डेटा धरूच नका. रॅट रात्री जागा असतो, तेव्हा त्याचं टेंपरेचर दिवसापेक्षा साधारण एक डिग्रीने वर जातं, सर्जरीनंतर ही लय मोडते. ती परत नीट दिसायला लागली आणि वजनही वाढतंय, की मगच प्रयोग सुरू करा.

अभ्यास संपल्यावर काढलेला इम्प्लांट टाकून देऊ नका, परत त्याच वॉटर बाथमध्ये त्याच तीन टेंपरेचरला तपासा, जितका फरक आला तितका तुमचा ड्रिफ्ट, म्हणजे सेन्सर तेवढा सरकला, तो रिपोर्टमध्ये लिहा.