नवखा वाइड रिसीव्हर ड्राफ्टमध्ये कोणत्या फेरीत घ्यावा?

२०२१च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या फॅंटसी फुटबॉल लीगचा ड्राफ्ट चार दिवसांवर आला होता. यात अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू फेरीफेरीने आपापल्या कागदी संघात घ्यायचे आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीचे गुण आपल्याला मिळतात. मी माझ्या यादीतून जमार चेस या नवख्या वाइड रिसीव्हरचं, म्हणजे पळत जाऊन पास पकडणाऱ्याचं, नाव खोडलं. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला त्या वर्षी एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, ५व्या क्रमांकावर घेतलं होतं, पण प्रीसीझनच्या सराव सामन्यांत गडी हातात आलेले चेंडू सोडत होता. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात, त्यामुळे चेंडू नीट दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आम्ही सगळे हसलो. त्या सीझनमध्ये चेसने ८१ कॅच, १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेणं) केले. ज्या मित्राने त्याला घेतलं होतं तो डिसेंबरपर्यंत दर सोमवारी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पांढऱ्या पट्ट्यांच्या चेंडूचा फोटो टाकायचा.

तेव्हापासून मी तरुण रिसीव्हरचं मोल ठरवायची एक पद्धत लावून घेतली आहे. अमेरिकेत आल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी लीगमध्ये ओढलं आणि आता ऑगस्ट आला की पोटात गोळा येतो, अशा आपल्या मंडळींसाठी ती इथे देतोय. क्रिकेटच्या फॅंटसीची सवय असेल तर एक फरक आधी लक्षात घ्या. तिथे दर सामन्याला नवी टीम करता येते. इथे ड्राफ्टमध्ये घेतलेला खेळाडू सीझनभर तुमच्या एकट्याचा असतो, आणि वरच्या फेरीत चुकलेली निवड पार डिसेंबरपर्यंत बोकांडी बसते.

गुणांची पद्धत लीगच्या सेटिंगमध्ये तपासा. पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन, म्हणजे कॅचमागे गुण) असेल तर प्रत्येक कॅचला १ गुण, दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला ६. काही लीगमध्ये कॅचला अर्धाच गुण असतो, काहींत काहीच नसतो. पुढची सगळी आकडेमोड मी पूर्ण पीपीआर धरून केली आहे.

आधी रिकामी पानं मोजा

मी सगळा हिशोब पंगतीसारखा करतो. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, हा वाढपी. रिसीव्हर, टाइट एंड आणि रनिंग बॅक, म्हणजे ज्यांच्याकडे पास जाऊ शकतो ते, पानावर बसलेले. क्वार्टरबॅक ज्याच्याकडे चेंडू फेकतो त्याच्या नावावर एक टार्गेट लागतं, मग तो चेंडू पकडो वा न पकडो. पोराची उडी किती उंच, तो ४० यार्ड किती सेकंदांत पळतो, याच्या चर्चा खूप होतात. आपल्याला कळायला हवं ते एवढंच, की त्याच्या पानात किती वेळा वाढलं जाणार.

त्यासाठी संघाचा गेल्या वर्षीचा टार्गेटचा तक्ता उघडा. कोणत्याही फॅंटसी ॲपवर किंवा आकडेवारीच्या साइटवर तो फुकटात मिळतो. त्यातून जे संघ सोडून गेले, निवृत्त झाले किंवा मोठ्या दुखापतीत आहेत त्यांची नावं खोडा. खोडलेल्या नावांच्या टार्गेटची बेरीज म्हणजे रिकामी पानं.

२०२०च्या मार्चमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने स्टेफॉन डिग्जला बफेलोला देऊन टाकलं आणि एप्रिलमध्ये २२व्या क्रमांकावर जस्टिन जेफरसनला घेतलं. पान मांडलेलंच होतं. पहिल्याच वर्षी ८८ कॅच आणि १,४०० यार्ड. २०२४मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सने कीनन ॲलनला शिकागोला धाडलं, माइक विल्यम्सलाही सोडलं, आणि दुसऱ्या फेरीत ३४व्या क्रमांकावर लॅड मकॉन्की आला. त्याने १,१४९ यार्ड काढले.

उलटं उदाहरण सिॲटलचं. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा २०२३मध्ये २०व्या क्रमांकावर आला तेव्हा डीके मेटकाफ आणि टायलर लॉकेट दोघेही पाटावर ऐसपैस बसलेले. पहिल्या वर्षी त्याला ६२८ यार्डांवर समाधान मानावं लागलं. पुढच्या वर्षी लॉकेटचा वाटा आटला आणि स्मिथ-एन्जिग्बाने १०० कॅच घेतले. पोरगा तोच होता.

एक सावधगिरी बाळगा. रिकामी पानं आपोआप नवख्याला मिळत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये संघाने बाहेरून कोणी अनुभवी रिसीव्हर आणला असेल तर तो आधी बसणार. म्हणून खोडाखोड झाली की नवी नावंही त्याच तक्त्यात लिहा.

पातेलं केवढं आहे?

वाटा मोठा असून भागत नाही, मुळात स्वयंपाक किती झालाय तेही बघावं लागतं. ड्रेक लंडनला अटलांटाने २०२२मध्ये ८व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी त्याच्याकडे ११७ टार्गेट आले. संघाने सीझनभरात फेकलेले पासच मुळी ४१५! म्हणजे दर चार पासमागे एकाहून जास्त त्याच्याकडे येत होता, तरी यार्ड झाले ८६६. संघ चेंडू हातात घेऊन पळण्यावर भर देणारा होता, त्याला पोरगं काय करणार? २०२४मध्ये प्रशिक्षक बदलले, कर्क कझिन्स आला आणि लंडनने १०० कॅच, १,२७१ यार्ड केले. सर्वसाधारण संघ १७ सामन्यांत साडेपाचशे-पावणेसहाशे पास फेकतो. मुख्य प्रशिक्षक किंवा आक्रमणाचा सूत्रधार नवा असेल तर तो आधीच्या संघात किती पास खेळवायचा, हे शोधा. दहा मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण ते करत नाहीत.

वाढणारा कोण?

वाढणारा ओळखीचा असेल तर शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. माझी चेसच्या बाबतीतली चूक नेमकी इथेच झाली. २०१९मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात चेसने १,७८० यार्ड आणि २० टचडाउन केले, तेव्हा त्याला चेंडू देणारा जो बरो होता. बेंगल्सने २०२०मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतला तोही जो बरोच. दोघांची गट्टी जुनी. आणि मी बसलो होतो पांढरे पट्टे मोजत.

ह्यूस्टनच्या नीको कॉलिन्सने पहिल्या दोन वर्षांत ४४६ आणि ४८१ यार्ड केले. लोकांनी त्याला हिशोबातून काढून टाकलं. तिसऱ्या वर्षी, २०२३मध्ये, सी. जे. स्ट्राउड क्वार्टरबॅक म्हणून आला आणि कॉलिन्स १,२९७ यार्डांवर गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्क जेट्सचा गॅरेट विल्सन मात्र रडकुंडीला आला. ॲरन रॉजर्ससोबत खेळणार म्हणून त्याचा भाव चढला होता, आणि रॉजर्स पहिल्याच सामन्यात चौथ्या स्नॅपला (चौथ्याच चालीला) घोट्यामागची शीर तुटून सीझनबाहेर गेला. विल्सनकडे १६८ टार्गेट आले तरी टचडाउन झाले फक्त ३. अशी दुखापत कुणालाच आधी कळत नाही. पण मुख्य वाढपी चाळिशीकडे झुकलेला असेल तर त्याच्या मागे कोण उभा आहे, एवढं बघून ठेवता येतं.

पोराची स्वतःची पुंजी

इथे मी फार वेळ घालवत नाही. कॉलेजात कोणत्या वयात चमकला ते बघा. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी संघाचा मुख्य रिसीव्हर झालेला पोरगा तेवीसाव्या वर्षी चमकलेल्यापेक्षा मला भरवशाचा वाटतो. एनएफएल ड्राफ्टचा क्रमांकही बघा, कारण पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ पुन्हापुन्हा संधी देतो. पण क्रमांक म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. २०२३मध्ये २१व्या क्रमांकाच्या क्वेंटिन जॉन्स्टनने ४३१ यार्ड केले आणि १७७व्या क्रमांकाच्या पुका नकुआने १,४८६.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या खेळाडूचा गेल्या सीझनचा एकूण आकडा बघून थांबू नका, सीझनचा उत्तरार्ध वेगळा काढा. डेट्रॉइटचा अमोन-रा सेंट ब्राउन २०२१मध्ये ११२व्या क्रमांकावर आला. वर्षाअखेरीस ९० कॅच दिसतात, बरे वाटतात. त्यातले ५१ शेवटच्या सहा सामन्यांतले होते! ज्यांनी हे बघितलं त्यांना तो पुढच्या वर्षी स्वस्तात मिळाला, आणि त्याने १०६ कॅच घेतले.

टचडाउनला भुलू नका

२०२०मध्ये पिट्सबर्गच्या चेस क्लेपूलने रूकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) म्हणून धुमाकूळ घातला. फिलाडेल्फियाविरुद्धच्या एका सामन्यात चार टचडाउन. सीझनअखेर ६२ कॅच, ८७३ यार्ड, पास पकडून ९ टचडाउन. पुढच्या वर्षी ५९ कॅच, ८६० यार्ड. म्हणजे जवळजवळ तेवढेच. टचडाउन मात्र २. पहिल्या वर्षीचे २०३ गुण दुसऱ्या वर्षी १५७वर आले, आणि त्याला वरच्या फेरीत घेणाऱ्यांना घाटा झाला. टचडाउन हे बरंचसं त्या-त्या वर्षीच्या योगावर असतं. टार्गेट आणि यार्ड त्या मानाने टिकतात. म्हणून गेल्या वर्षी थोड्या कॅचमध्ये खूप टचडाउन झालेला पोरगा दिसला की मी त्याला एक फेरी खाली ढकलतो. भरपूर टार्गेट आणि दोन-तीनच टचडाउन असलेला दिसला की कान टवकारतो.

प्रीसीझनमध्ये नेमकं काय बघायचं

कॅच मोजू नका, सुटलेले चेंडूही मोजू नका (हे मी अनुभवाने सांगतोय). पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक मैदानात असताना तुमचा पोरगा आत आहे का, ते बघा. तीन रिसीव्हर लावले तरच तो आत येतो, की दोन असतानाही टिकतो? सगळ्यात शुभ लक्षण म्हणजे संघ त्याला प्रीसीझनमध्ये खेळवतच नाही, अनुभवी मंडळींसोबत बाकावर बसवून जपतो. चौथ्या क्वार्टरमध्ये नवख्यांबरोबर खेळून शंभर यार्ड काढणाऱ्याचे व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर फिरतील. फिरू द्या. आणि हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) दुखापतीच्या बातम्या वाचत चला, नवख्याच्या असोत नाहीतर शेजारच्या पानावरच्या मोठ्या माणसाच्या. २०२३मध्ये नकुआच्याच संघातल्या, लॉस एंजेलिस रॅम्सच्या, अनुभवी कूपर कपचं हॅमस्ट्रिंगचं दुखणं बळावलं आणि तो पहिल्या चार सामन्यांना मुकला, तिथूनच नकुआची पंगत सुरू झाली.

कागद-पेन्सिल

आता गणित. समजा संघ ५६० पास फेकेल असं वाटतं आणि नवख्याला त्यातला २२ टक्के वाटा मिळेल असा तुमचा अंदाज आहे. टार्गेट झाले साधारण १२३. त्यातले ६२ टक्के पकडले तर ७६ कॅच. दर कॅचला साडेबारा यार्ड धरले तर ९५० यार्ड. टचडाउन ६ धरा. गुण: ७६ अधिक ९५ अधिक ३६, म्हणजे २०७. सामन्याला १२च्या आसपास.

हेच गणित आणखी दोनदा करा. वाटा १७ टक्के आणि टचडाउन ४ धरले तर १५७च्या जवळ येतं. वाटा २६ टक्के आणि टचडाउन ८ धरले तर २५०. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहा. मधल्या आकड्याला जी फेरी शोभते ती त्याची किंमत. वरचा आकडा गाठेल असं धरून किंमत मोजलीत, तर सगळं मनासारखं होऊनही तुमच्या हाती फायदा काही उरत नाही.

२०२४च्या ड्राफ्टमधून आलेले चौघे यासाठी बघण्यासारखे आहेत. मार्विन हॅरिसन ज्युनियर सगळ्यात महाग, बहुतेक लीगमध्ये दुसऱ्या फेरीत गेला. नाव मोठं, वडील हॉल ऑफ फेममध्ये. त्याने ८८५ यार्ड आणि ८ टचडाउन केले, म्हणजे १९८ गुण. त्याच्यानंतर गेलेला मलिक नेबर्स १५ सामन्यांत १७० टार्गेट घेऊन २७१वर पोचला. आणखी बऱ्याच खाली मिळणाऱ्या ब्रायन थॉमस ज्युनियरने २७५ आणि मकॉन्कीने २३९ गुण दिले. हॅरिसन वाईट खेळला असं मी म्हणणार नाही. चौथ्या-पाचव्या फेरीत मिळाला असता तर कुणी कुरकुरलंही नसतं.

ड्राफ्टच्या रात्री हा कागद समोर ठेवा. ॲपवर दिसणारी सरासरी फेरी आणि तुमच्या कागदावरची फेरी यांत एक-दीड फेरीचा फायदा असेल तर घ्या. शेजारच्याने त्याला आधीच उचललं तर जाऊ द्या, यादीतला पुढचा बघा. एका संघात दोनपेक्षा जास्त रूकी मी ठेवत नाही, कारण सप्टेंबरमध्ये ते बहुधा उपाशी ठेवतात. जेफरसननेसुद्धा पहिल्या दोन सामन्यांत मिळून ५ कॅच घेतले आणि तिसऱ्यात १७५ यार्ड. दुसऱ्या आठवड्यानंतर त्याला सोडून देणारे लोक आमच्या लीगमध्ये होते.

ड्राफ्टमध्ये हुकलाच, तर पहिल्या रविवारनंतर गुणांच्या यादीकडे न बघता टार्गेटची यादी उघडा. नकुआकडे पहिल्या सामन्यात १५ टार्गेट आले होते, दुसऱ्यात २०. पहिल्या सामन्यानंतर अनेक लीगमध्ये तो कुणाच्याच संघात नव्हता. बहुतेक ठिकाणी वेव्हरचे अर्ज (कुणाच्याच संघात नसलेला खेळाडू मागण्याचे) मंगळवारच्या रात्री सुटतात, तेव्हा झोपायच्या आधी तुमचा अर्ज टाकलेला असू द्या.