नवीन विंडोज टाकल्यावर स्क्रीन बिघडली? आधी कार्ड ओळखा, मग ड्रायव्हर टाका

नवीन विंडोज टाकलं, लॉगिन झालं आणि बघतो तर आयकॉन हे एवढे मोठे, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं, बदलायला गेलं तर पर्यायच नाही, आणि लॅपटॉप असेल तर ब्राइटनेसची बटणं दाबूनही काही होत नाही. घाबरू नका, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या भागाला, काहीही झालेलं नसतं. विंडोजला कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) सापडला नाही म्हणून ते स्वतःच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालतंय. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं की नक्की हेच दुखणं.

आता इथे बरेच जण सर्च करून समोर येईल ते 'ड्रायव्हर अपडेटर' डाउनलोड करतात. कृपा करून हे करू नका, नको ते प्रोग्राम सोबत येतात आणि ड्रायव्हर भलत्याच मॉडेलचा बसतो. त्याऐवजी त्या बेसिक अडॅप्टरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स टॅब, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल, त्यात 'व्हेन'च्या (VEN) पुढे १०डीई (10DE) असेल तर कार्ड एनव्हिडियाचं, १००२ असेल तर एएमडीचं, ८०८६ असेल तर इंटेलचं. त्यापुढच्या 'डेव्ह'नंतरचे (DEV) चार अक्षर-आकडे म्हणजे नेमकं मॉडेल. हे दोन्ही मिळून सर्च केलं की कार्डाचं नाव कळतं, अंदाज लावत बसायची गरजच नाही.

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथे आधी एकदा बघून घ्या, कित्येकदा ड्रायव्हर तिथेच येऊन थांबलेला असतो. वायफायचाच ड्रायव्हर नसेल तर फोन केबलने जोडून फोनमधलं यूएसबी टेदरिंग चालू करा, फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळतं, काम भागतं.

तिथे नाही मिळाला तर लॅपटॉपवाल्यांनी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच घ्यायचा, आणि दोन ग्राफिक्स असतील तर आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा टाकायचा, रीस्टार्ट करायचं, मग वेगळ्या कार्डाचा. मी एकदा कार्ड कंपनीच्या साइटवरून घाईघाईत डेस्कटॉपचा ड्रायव्हर उतरवला, तीन वेळा इन्स्टॉलर चालवला आणि तिन्ही वेळा सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही असाच मेसेज. नंतर लक्षात आलं की यादीत त्याच नावापुढे 'नोटबुक्स' (म्हणजे लॅपटॉप) लिहिलेला वेगळा पर्याय होता, तो निवडला आणि पहिल्याच फटक्यात बसला. त्यामुळे ती यादी नीट वाचा, सगळी गोम तिथेच आहे.

ड्रायव्हर टाकूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळा त्रिकोण किंवा कोड ४३ ही एरर येत असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष आडवे येत असू शकतात, खासकरून जुन्यावरच अपग्रेड केलं असेल तर. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकट टूल आहे, लोक डीडीयू म्हणतात. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जा, डीडीयू चालवा, मग नवा टाका. इंटरनेट बंद करणं विसरू नका, नाहीतर साफ झाल्या झाल्या विंडोज स्वतःहून त्याला वाटेल तो ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

स्क्रीन पूर्णच काळी झाली तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. नाही झालं तर मशीन सुरू होत असतानाच पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की रिपेअरची निळी स्क्रीन येते, तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ दाबलं की सेफ मोड. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) असेल तर मध्येच रिकव्हरी की मागेल, ती आधीच शोधून ठेवा.

डेस्कटॉपवाल्यांनी मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना, मदरबोर्डला नाही ना, तेही मागे वाकून बघा. आणि सगळं जमल्यावर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) तपासा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर नव्या विंडोजमध्ये बरेचदा ६० वरच पडून असतो.