डिफरन्शियल इक्वेशन्सचा कोर्स: गुण कुठे मिळतात, कुठे जातात

डिफरन्शियल इक्वेशन्सच्या, म्हणजे अज्ञात फंक्शन आणि त्याचे डेरिव्हेटिव्ह यांना जोडणाऱ्या समीकरणांच्या पेपरात सगळ्यांत जास्त गुण इंटिग्रेशनवर जातात, असं नव्यानं कोर्स घेणाऱ्यांना वाटतं. खरे गुण जातात ते समोरचं समीकरण कोणत्या प्रकारचं आहे हे न ओळखल्यामुळे. असाइनमेंटमध्ये हे ओळखण्याचं काम धड्याच्या नावानंच झालेलं असतं. 'लिनिअर समीकरणं' या धड्याखालची गणितं लिनिअरच असणार. परीक्षेत धड्याचं नाव छापलेलं नसतं. हा विषय मी आधी शिकलो आणि पुढे त्याच्या उत्तरपत्रिका तपासायलाही मदत केली. असाइनमेंटमध्ये उत्तम गुण आणि मिडटर्मला दांडी गुल, असे विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये दिसले, आणि बहुतेकांचं कारण हेच होतं.

कोर्सची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. सुरुवात पहिल्या क्रमाच्या, म्हणजे फक्त पहिलं डेरिव्हेटिव्ह असलेल्या समीकरणांनी: चल वेगळे करता येणारी, लिनिअर (अज्ञात फंक्शन आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह फक्त पहिल्या घातात असलेली), एक्झॅक्ट. मग दुसऱ्या क्रमाची, स्थिर सहगुणकांची लिनिअर समीकरणं. त्यानंतर लाप्लास ट्रान्सफॉर्म, म्हणजे डिफरन्शियल समीकरणाचं साध्या बीजगणितात रूपांतर करण्याची पद्धत, आणि शेवटी समीकरणांच्या जोड्या, म्हणजे मॅट्रिक्स आणि आयगनव्हॅल्यू. काही ठिकाणी पॉवर सिरीज किंवा फूरिये सिरीजही असते. संगणकावर उत्तर काढण्याच्या पद्धती अधूनमधून येतात. ऑयलरच्या पद्धतीत पायरी, म्हणजे एका वेळी पुढे सरकण्याचं अंतर, निम्मी केली की चूक साधारण निम्मी होते, तर चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीत ती साधारण 16 पटींनी घटते. हा फरक स्वतः आकडे घालून एकदा पाहाच.

आता गुणांकडे. पहिल्याच आठवड्यात सिलॅबसमधला गुणांचा तक्ता नीट वाचा. समजा असाइनमेंटला 20 टक्के, दोन मिडटर्मना मिळून 40 आणि फायनलला 40 टक्के भार आहे. कुणाला असाइनमेंटमध्ये 95, मिडटर्ममध्ये सरासरी 60 आणि फायनलमध्ये 55 टक्के मिळाले, तर एकूण होतात 19 अधिक 24 अधिक 22, म्हणजे 65. असाइनमेंट 95 वरून 100 वर नेण्यासाठी रात्र घालवली, तर एकूणात 1 गुण वाढतो. फायनलमध्ये 10 टक्के जास्त मिळवले, तर 4 वाढतात. तरी असाइनमेंट सोडू नका. फायनलचे ते 10 टक्के तिथल्याच सरावातून येतात. सगळ्यांत कमी गुणांची क्विझ वगळतात का, फायनल पूर्ण अभ्यासक्रमावर असते का, लाप्लासचा तक्ता परीक्षेत मिळतो का, हेही सुरुवातीलाच विचारून घ्या. तक्ता मिळणार असेल तर पाठांतराचा वेळ पार्शल फ्रॅक्शनला, म्हणजे मोठा अपूर्णांक सोप्या अपूर्णांकांत फोडण्याला द्या, कारण लाप्लासच्या गणितात लोक अडकतात ते तिथे.

तपासणी पायऱ्यांप्रमाणे होते, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या क्रमाचं एक गणित घ्या. त्यात उजवी बाजू शून्य धरून काढलेल्या उत्तराला गुण, विशिष्ट उत्तराचा (दिलेल्या उजव्या बाजूसाठीच्या एका उत्तराचा) योग्य साचा निवडण्याला गुण, त्यातले सहगुणक काढण्याला गुण आणि सुरुवातीच्या अटी वापरून स्थिरांक काढण्याला गुण. बेरीज-वजाबाकीची चूक झाली आणि पुढचं सगळं तिला धरून बरोबर आलं, तर सहसा एखादाच गुण जातो. पण चुकीमुळे गणित सोपंच झालं, उदाहरणार्थ काल्पनिक मुळं यायच्या जागी वास्तव मुळं आली, तर नुकसान मोठं असतं.

काही चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. विशिष्ट उत्तर मिळवायच्या आधीच सुरुवातीच्या अटी लावून मोकळं होणं ही त्यांतली पहिली. दुसरी, डेरिव्हेटिव्हचा सहगुणक 1 न करताच इंटिग्रेटिंग फॅक्टर (लिनिअर समीकरण इंटिग्रेट करता यावं म्हणून ज्यानं गुणतात ते फंक्शन) काढणं. तिसरी, इंटिग्रेशनचा स्थिरांक अगदी शेवटी चिकटवणं. तो इंटिग्रेशन केलं त्याच ओळीत यायला हवा, कारण पुढे इंटिग्रेटिंग फॅक्टरनं भागताना त्यालाही भागावं लागतं. चल वेगळे करताना वायनं (अज्ञात फंक्शननं) भागलं की वाय बरोबर शून्य हे उत्तर हातातून निसटतं, हेही खूपदा दिसतं. आणि उजव्या बाजूचा साइन-कॉस डाव्या बाजूच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत असेल, तर साच्याला टीनं (वेळेच्या चलानं) गुणायला हवं. रेझोनन्स तो हाच, आणि पेपर काढणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न.

शाब्दिक गणितांत टाकीचं गणित हमखास येतं. टाकीत 100 लिटर पाणी आहे. मिनिटाला 5 लिटर मिठाचं पाणी आत येतं आणि 5 लिटर मिश्रण बाहेर जातं. मीठ बाहेर पडण्याचा दर म्हणजे टाकीतल्या एकूण मिठाचा विसावा भाग. हेच बाहेर जाणं 3 लिटर केलं की टाकीतलं पाणी दर मिनिटाला 2 लिटरनं वाढतं, भाजक बदलत राहतो आणि चल वेगळे करण्याची पद्धत सहसा लागू पडत नाही. लिनिअर पद्धत लागते. एका आकड्यानं समीकरणाचा प्रकार बदलतो. अशा गणितात समीकरण बरोबर मांडलं, तर उत्तर पूर्ण न झालं तरी बरेच गुण मिळतात.

म्हणून सराव असा करा: वेगवेगळ्या धड्यांतली गणितं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा, आणि प्रत्येक चिठ्ठीवर फक्त प्रकार आणि पहिली ओळ लिहा. पूर्ण सोडवू नका. अर्ध्या तासात बरीच समीकरणं डोळ्यांखालून जातात. मिडटर्मच्या आधीच्या आठवड्यात मला याचा जितका उपयोग झाला तितका जुन्या असाइनमेंट पुन्हा सोडवून झाला नाही.

या विषयात उत्तर स्वतःच तपासता येतं, ही केवढी मोठी सोय आहे! आलेलं फंक्शन समीकरणात घाला, डेरिव्हेटिव्ह काढा, दोन्ही बाजू जुळतात का ते पाहा, मग सुरुवातीची अटही तपासा. पेपरातली शेवटची दहा मिनिटं यासाठीच ठेवा, आणि सुरुवात सर्वाधिक गुणांच्या गणितापासून करा. उत्तर जुळलं नाही आणि चूक सापडायला वेळ उरला नाही, तर 'हे उत्तर समीकरणात बसत नाही' एवढं तरी लिहा. मी ज्यांच्यासोबत पेपर तपासले ते शिक्षक त्या ओळीची दखल घेत.