लोकरीची प्रतिदीप्ती तपासताना या चुका टाळा

अतिनील टॉर्चखाली पांढरी लोकर निळसर चमकली (प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश सोडणे म्हणजे प्रतिदीप्ती), की तेवढ्यावरून तिच्या शुद्धतेचा निवाडा करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लोकरीच्या केराटिन प्रथिनातील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल सुमारे २९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून ३४० ते ३५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यात, प्रकाश सोडते. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली जी चमक दिसते, तिच्यात ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन (आणखी एक अमिनो आम्ल) यांच्यावर प्रकाशाची क्रिया होऊन तयार झालेल्या एन-फॉर्मिलकायन्युरेनिन, डायटायरोसिन अशा पदार्थांचा वाटा असतो. म्हणूनच ती चमक लोकरीची जात सांगण्यापेक्षा तिने किती ऊन सोसले आहे, हेच अधिक सांगते. एकाच मेंढीच्या लोकरीतही उघडी टोके आणि कातडीलगतचा भाग वेगवेगळे दिसू शकतात, तेव्हा नमुना दोन्हीकडून घ्यावा.

स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरचा असतो. त्याचा परावर्तित जांभळा प्रकाशच प्रतिदीप्ती समजला जातो. दख्खनी मेंढीची काळी लोकर किंवा तिचे घोंगडे मंद दिसले, तर त्यावर काही प्रक्रिया झाली असेल असा संशय घेण्याचे कारण नाही, कारण तिच्यातील मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य अतिनील प्रकाश शोषून घेते. उलट, लख्ख निळी-पांढरी चमक दिसल्यास आधी डिटर्जंटची चौकशी करावी. त्यातील ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कापड अधिक पांढरे दिसावे म्हणून घातलेले प्रतिदीप्त रसायन, धाग्याची मूळ चमक झाकून टाकतो, आणि असे कापड, विशेषतः ओले असताना, उन्हात अधिक लवकर पिवळे पडते.

तुलनेसाठीचा नमुना खिडकीच्या काचेआड सुरक्षित राहतो, हा समजही सोडावा. साधी काच साधारण ३२० नॅनोमीटरखालचे किरण अडवते, मात्र त्यापुढचे अतिनील किरण आत येतच राहतात. शिवाय अतिनील किरण लोकर पिवळी करतात, तर दृश्य निळा प्रकाश तिला काही प्रमाणात उजळवतो, त्यामुळे केवळ रंग पाहून ती उन्हात किती काळ राहिली याचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

तपासणीचा दिवादेखील धाग्यात हेच बदल घडवतो. छायाचित्र सुरुवातीलाच, कॅमेऱ्याची मांडणी स्थिर ठेवून घ्यावे, दिवा लगेच बंद करावा आणि अतिनील किरण रोखणारा चष्मा वापरावा. तुलनेचा नमुना कोरड्या, अंधाऱ्या डब्यात ठेवून प्रत्येक वेळी त्याच दिव्याखाली शेजारी ठेवून पाहावा.