अंतराळातल्या आरपीजीसाठी सिस्टम कशी निवडावी: एकच प्रसंग तीनदा खेळा

‘सायन्स फिक्शन चालवायचंय, कुठली सिस्टम घेऊ?’ असं दर दोन महिन्यांनी मला कोणीतरी विचारतं. (आरपीजी म्हणजे एकेका पात्राची, म्हणजे कॅरेक्टरची, भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळायची गोष्ट; सिस्टम म्हणजे तिचे नियम.) तोवर त्या बिचाऱ्याला दोन ठरलेले सल्ले मिळालेले असतात. ‘सगळ्यांना येते तीच घे, तलवारीला लेझर म्हण.’ नाहीतर, ‘सिस्टमने काही फरक पडत नाही रे, जीएम (म्हणजे गोष्ट चालवणारा) चांगला पाहिजे.’ दोन्ही सल्ले मी मानले होते आणि दोन्हींनी माझी एकेक कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन (बैठका) चालणारी गोष्ट, गिळली.

फासे, टेबल, चार-पाच माणसं आणि आठवड्यातले तीन तास तुमच्याकडे आहेत असं धरतो.

१. ‘सायन्स फिक्शन’ हे उत्तर खोडून टाका

कर्जाने घेतलेलं जहाज घेऊन माल वाहणं हा एक खेळ. बंद पडलेल्या खाणीत एकच टॉर्च आणि पलीकडे कोणाचा तरी श्वास, हा दुसरा. पोलिसांना चुकवत तस्करी करणं तिसरा. खेळाडूंना विचारा, तिसऱ्या सेशनला तुम्ही काय करत असाल? प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्मे जीएम ते करत नाहीत.

२. तीन उमेदवार निवडा, पुस्तकं घेऊ नका

तीनच. ‘स्टार्स विदाऊट नंबर’ची मोफत आवृत्ती आहे, ‘मदरशिप’चं खेळाडूंचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं, ‘गर्प्स लाइट’ बत्तीस पानांत आटोपतं. ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ तर एका पानाची आहे. एका संध्याकाळची मजा करायची असेल तर तीच घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

३. एअरलॉकचा प्रसंग

इथे माझं घोडं अडलं होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

काही वर्षांपूर्वी मी तलवार-जादूच्या एका जाडजूड नियमपुस्तकावर अंतराळाचा रंग चढवून कॅम्पेन सुरू केली. चौथ्या सेशनला मोठा प्रसंग होता. आमची मेकॅनिक जहाजाच्या बाहेर, हेल्मेटला तडा, हवा गळतेय आणि एअरलॉकचं, म्हणजे जहाजात शिरायच्या हवाबंद कप्प्याचं, दार अडकलेलं. दिवे मंद केले, आवाज खाली आणला. मेकॅनिकची भूमिका करणाऱ्या खेळाडूने शांतपणे कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचा कागद, बघितली. ‘दर राउंडला सहा जातात म्हणालास ना? माझे बावन्न हिट पॉइंट आहेत. मी चहा टाकून येते, कोणाकोणाला हवाय?’ आणि ती खरंच उठून स्वयंपाकघरात गेली.

तिचं काही चुकलं नव्हतं. हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, तिच्याकडे भरपूर होते. ते नियम ड्रॅगनच्या ज्वाळेतून उठून उभं राहणाऱ्या वीरांसाठी लिहिलेले होते, आणि ती त्यांच्याप्रमाणेच वागत होती. मी मात्र भलताच उपाय केला. श्वास, किरणोत्सर्ग, शून्य गुरुत्वाकर्षण असे अकरा पानांचे घरगुती नियम लिहिले. कोणीही वाचले नाहीत. महिन्याभरात कॅम्पेन बंद.

आता मी नवी सिस्टम घेण्याआधी हाच प्रसंग तिच्यावर खेळतो. तडकलेलं हेल्मेट, अडकलेलं दार, बाहेर एक जण, आत दोघं. तयार कॅरेक्टर, पंधरा मिनिटं, हातात खरे फासे. कागदावर तीन गोष्टी टिपायच्या: दार उघडण्याची शक्यता किती, फासे फसले की काय होतं, आणि त्यानंतर टेबलावर पहिलं वाक्य कोण काय बोलतं.

‘ट्रॅव्हलर’ घ्या. ही १९७७ पासूनची आहे आणि आजही मजेत चालते. दोन फाशांची बेरीज, त्यात कौशल्य आणि गुणांची भर, आठ किंवा जास्त आले की जमलं. भर काहीच नसेल तर ३६ पैकी १५ वेळा, म्हणजे ४२ टक्के. एक मिळवला तर ५८. पण ते कौशल्य मुळात शिकलेलंच नसेल तर उणे तीन, म्हणजे अकरा हवेत, आणि ते ३६ पैकी तीनदाच येतात: ८ टक्के. त्यामुळे टेबलावरचं पहिलं वाक्य हमखास ‘मेकॅनिक कुठाय?’ असतं. घाई केली तर दंड, सावकाश केलं तर सवलत, म्हणून दुसरं वाक्य ‘हवा किती मिनिटांची उरलीय?’ कामधंदा करणाऱ्या माणसांची गोष्ट हवी असेल तर हे सोनं आहे.

२०१८ ला आलेल्या ‘मदरशिप’मध्ये शंभराचा फासा आपल्या कॅरेक्टरच्या गुणाच्या आकड्याखाली टाकायचा असतो. आकडे सरासरी छत्तीसच्या आसपास, प्रशिक्षण असेल तर वर दहा. म्हणजे शिकलेला माणूसही निम्म्याहून जास्त वेळा हरणार. प्रत्येक हरण्यागणिक ताण एकाने चढतो, आणि घबराटीची तपासणी करायची वेळ आली की वीसच्या फाशावर त्या ताणापेक्षा जास्त यावं लागतं. आमच्याकडे पहिले फासे फसले आणि सगळे गप्प झाले. मग एक जण म्हणाला, ‘दार सोडा, दुसरा रस्ता बघू.’ भयकथेत हेच तर हवं असतं.

‘स्कम अँड व्हिलनी’त काही फासे टाकून सर्वांत मोठा बघायचा. सहा आला तर निर्वेध, चार-पाचला काम होतं पण किंमत देऊन, तीन किंवा खाली आला तर बिघडलं. दोन फासे असतील तर ३६ पैकी ९ वेळा बिघडतं, १६ वेळा किंमत, ११ वेळा निर्वेध. म्हणजे दार बहुतेकदा उघडतं आणि चर्चा किमतीची होते. फार रंगतं. पण ती किंमत जीएमला जागच्या जागी सुचावी लागते, एका रात्रीत वीस-पंचवीसदा. शुक्रवारी ऑफिसातून थेट टेबलावर येणाऱ्या माणसाने हे दोनदा विचार करून घ्यावं. मी घेतलं नव्हतं. तिसऱ्या तासाला माझी प्रत्येक किंमत ‘आणि अलार्म वाजतो’ एवढीच उरली.

बघा, शक्यतेचे टक्के मी नंतर विसरतो. फासे फसल्यावर काय होतं, तो रकाना मात्र जपून ठेवतो. पुढचं वर्षभर तुम्ही तेच खेळणार असता.

तीन गोष्टी बजावून सांगतो. हा प्रसंग मनातल्या मनात खेळू नका. मनात प्रत्येक सिस्टम झकास चालते. निदान दोघांना घरी बोलवा. मारामारीवर परीक्षा घेऊ नका. मारामारीचे नियम प्रत्येक लेखकाने घासूनपुसून लख्ख केलेले असतात, ढिलाई दिसते ती बाकीच्या कामांत. आणि खटकलं तिथे लगेच ‘हे आपण बदलू’ म्हणू नका. पंधरा मिनिटांत दोनदा बदलावंसं वाटलं तर ती सिस्टम तुमची नाही.

४. जहाजाचा अध्याय वाचा

पाठलाग सुरू झाला की पायलट फासे टाकतो, तोफेवरचा फासे टाकतो आणि उरलेले तिघे मोबाइल काढतात. म्हणून जहाजावर किती जणांना खरं काम आहे ते मोजा. तुमच्या खेळाडूंपेक्षा कमी भरलं तर लढाया कमी ठेवा, नाहीतर दुसरी सिस्टम बघा.

पैशांचंही बघून घ्या. ‘ट्रॅव्हलर’मध्ये जहाजाच्या किमतीचा २४० वा भाग दर महिन्याला, असे ४८० हप्ते. म्हणजे चाळीस वर्षांत दुप्पट किंमत भरायची. गृहकर्ज फेडणाऱ्या मंडळींना यात एक विचित्र आनंद मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हिशेबाची ॲलर्जी असलेल्या टेबलावर मात्र हाच नियम दोन सेशनमध्ये जीव नकोसा करतो.

५. कॅरेक्टर सगळ्यांनी एकत्र बसून बनवा

घरून बनवून आणलेली चालणार नाहीत. (जुन्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये कॅरेक्टर बनवता बनवताच मरू शकायचं. अशा वेळी शेजारी हसायला कोणीतरी हवंच.)

६. आता एक प्रत विकत घ्या आणि चार सेशन काहीही बदलू नका

चार सेशननंतरही अडत असेल तर सिस्टम बदला, कॅम्पेन बंद करू नका. कॅरेक्टरची नावं, उधाऱ्या आणि वैर जसंच्या तसं उचला, आकडे नव्याने लिहा. एक संध्याकाळ जाते. त्या बंद पडलेल्या कॅम्पेनमधली चहावाली मेकॅनिकही मी पुढे अशीच उचलली, आणि दोन सिस्टम ओलांडून ती आजही आमच्या जहाजावर आहे. हेल्मेट अजून बदललेलं नाही. म्हणते, आधी हप्ता भरू.