एक आणायला गेलात आणि दोन भावंडं घेऊन आलात? मग या चुका टाळा

आम्ही कुत्र्याचं एकच पिल्लू आणायला गेलो होतो. शेल्टरच्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात नऊ आठवड्यांची दोन देशी पिल्लं एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपली होती. पाचातली तीन आधीच घरोघरी गेली होती. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, दोघंच राहिलेत. जोडी फोडायला जिवावर येतं हो." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. संध्याकाळी आमच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत दोघं नांदायला आली होती, चिकू आणि तिचा भाऊ बंड्या.

त्या दिवशी जो तो एकच म्हणत होता, आम्हीसुद्धा: "बरं झालं, एकमेकांना सोबत होईल." आमच्या बहुतेक चुका या वाक्यातून निघाल्या.

सोबत आहे म्हणून कधीच वेगळं न करणं

दोघं एका गादीवर झोपत, एका ताटलीत जेवत, एकत्र फिरायला जात. किती छान, असं वाटायचं. मग सातव्या महिन्यात चिकू माजावर आली आणि बंड्याला तीन आठवडे दिराकडे चिंचवडला ठेवावं लागलं. पहिल्या रात्री चिकू पहाटेपर्यंत रडली. तिकडे बंड्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही आणि दाराची चौकट कुरतडली. दोघांनाही जगात एकटं उभं राहता येत नव्हतं. तो त्यांचा दोष नव्हता, आम्ही त्यांना कधी शिकवलंच नव्हतं.

याला कुत्र्यांचे प्रशिक्षक 'लिटरमेट सिंड्रोम' म्हणतात, लिटरमेट म्हणजे एकाच वेतातली भावंडं. हे काही पशुवैद्यकातलं अधिकृत निदान नाही, आणि प्रत्येक जोडीत ते होतंच असंही नाही. पण त्यामागचं कारण सरळ आहे. पिल्लाला खेळ, धीर, ऊब सगळं भावंडाकडून मिळत असेल तर माणसाकडे बघायची गरजच पडत नाही. नाव घेऊन हाक मारली तरी आधी भावंडाकडे बघायचं आणि ते हललं तर हलायचं, अशी सवय लागते. त्यातलं बुजरं पिल्लू धीट पिल्लाच्या आडोशाने वाढतं. आडोसा गेला की थरथरतं.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून दोघांचे दिवस थोडे थोडे वेगळे करा. दोन क्रेट (झोपायचे पिंजरे) किंवा दोन गाद्या घ्या. सुरुवातीला शेजारी ठेवा, मग रोज वीतभर लांब सरकवा, शेवटी दुसऱ्या खोलीत न्या. घर लहान असेल तर स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावा. लसीकरण पूर्ण झाल्यावर दिवसातला एक फेरफटका तरी प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. 'बस', 'ये', 'थांब' हे धडेही पाच-पाच मिनिटं, एकेकालाच द्या. एक शिकत असताना दुसऱ्याला बंद दाराआड चघळायला काहीतरी द्या.

हे काम दुपटीहून जास्त आहे, हे मी स्वच्छ सांगते. घरात एकटं माणूस असेल आणि नोकरी दिवसभराची असेल तर एकच पिल्लू आणा. आठ आठवड्यांनंतर भावंडांची ताटातूट करणं हा निर्दयपणा नाही. दुसऱ्याला त्याचं स्वतःचं घर मिळू शकतं. त्या मावशींचा जीव तुटत होता तो खराच होता, पण निर्णय घेताना पुढची बारा-चौदा वर्षं डोळ्यांसमोर हवीत.

एक आजारी पडलं तर दुसरं ठणठणीत समजणं

घरी आणल्यावर चौथ्याच दिवशी बंड्याने जेवण सोडलं. मग उलट्या, आणि रात्री रक्त मिसळलेले, उग्र वासाचे जुलाब. पार्वो, म्हणजे कुत्र्यांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. चिकू मात्र उड्या मारत होती, म्हणून आम्ही तिला घरीच ठेवून निघालो. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, दोघांनाही घेऊन या. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे भावंडाला लागण झाली आहे असंच धरून चालायचं. चिकूला दुसऱ्या दिवशी ताप आला. वेळेत सलाइन लागलं म्हणून दोघं वाचली. लहान पिल्लाची उलटी-जुलाबाची रात्र 'सकाळी बघू' म्हणून काढू नका, शरीरातलं पाणी फार झपाट्याने जातं. आणि घरातल्या डब्यातली माणसांची गोळी कधीही देऊ नका.

घर पुसायला आम्ही फिनाईल वापरलं, तीही चूक. फिनाईलवर पार्वोच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. एक भाग घरगुती द्रव ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं, मग धुवायचं, आणि फरशी वाळेपर्यंत पिल्लांना लांब ठेवायचं. मातीत हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो.

लसींचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं ठेवा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, आणि रेबीजची लस बारा आठवड्यांच्या सुमारास. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून दोघांचं वजन वेगवेगळं करा. आमच्याकडे चिकू बंड्यापेक्षा बरीच हलकी होती.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही, हे खरं. पण घरात कोंडूनही ठेवू नका. नवीन गोष्टींची भीती मोडायचा सगळ्यात चांगला काळ तीन ते चौदा आठवड्यांचा असतो. शबनम पिशवीत घालून एकेकाला बाहेर न्या. रिक्षा, भाजीवाल्याची आरोळी, हेल्मेट घातलेला माणूस, लांबून ढोल-ताशा, सगळं कडेवरून दाखवा. चिकूला आम्ही असं नेलं, बंड्या आजारातून उठायचा होता म्हणून राहिला. आजही दिवाळीत तो पलंगाखालून निघत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

एक ताटली, दूध-पोळी आणि सारखी नावं

सासूबाई मायेने दूध-पोळी कुस्करून द्यायच्या. अनेक पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, पोट बिघडतं, आणि वाढत्या हाडांना लागतं ते पोळीतून मिळत नाही. पिल्लांचं तयार खाणं किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेलं घरचं अन्न द्या, चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नको. ताटल्या दोन, आणि त्याही दोन खोल्यांत. एकत्र जेवली की कोण उपाशी राहिलं हे कळतच नाही, आणि धीट पिल्लाला दुसऱ्याचं हिसकावायची सवय लागते.

नावं यमक जुळवून ठेवू नका. आमची आधी चिकू-पिकू होती. एकाला हाक मारली की दोघं यायची, किंवा कुणीच नाही. पिकूचा बंड्या केला तेव्हा कुठे फरक पडला.

'भाऊ-बहीण आहेत, काही होत नाही'

होतं. कुत्र्यांना हे नातं कळत नाही. मादी साधारण सहा महिन्यांनंतर कधीही माजावर येऊ शकते, आणि नरही त्याच सुमारास सक्षम होतो. माजात जाणारं रक्त थांबलं म्हणजे धोका टळला, असं अनेकांना वाटतं. उलट स्राव फिका पडायला लागतो तेव्हाच गर्भ राहण्याची शक्यता जास्त असते. माज साधारण तीन आठवडे चालतो. सहावा महिना लागण्याआधीच नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि तारीख ठरेपर्यंत दोघांमध्ये बंद दार ठेवा. नुसत्या फाटकावर विसंबू नका.

भांडणं

दोन बहिणी असतील तर इथे जास्त लक्ष द्या, एका घरातल्या गंभीर भांडणांत माद्यांच्या जोड्या बऱ्याचदा दिसतात. वयात येताना, म्हणजे आठव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत, कालपर्यंतची मस्ती चावाचावीवर जाऊ शकते. अंग ताठ करून टक लावून बघणं, दारात आडवं उभं राहून दुसऱ्याला येऊ न देणं, हाडापाशी गुरगुरणं, या खुणा दिसल्या की तिथेच दोघांना वेगळं करा. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. मोठा आवाज करा, अंगावर चादर टाका. रक्त निघालं तर डॉक्टरांकडे जा आणि वर्तनतज्ज्ञाची मदत घ्या. 'आपापसात मिटवतील' म्हणून सोडलं तर पुढचं भांडण आणखी जोराचं होतं.

सोसायटीत कुणी 'दोन कुत्री चालणार नाहीत' म्हटलं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक दाखवा. बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. तुमच्या बाजूने लसीकरणाचे कागद आणि महापालिकेचा परवाना दोघांचा तयार असू द्या.

उशीर झाला असेल तर

आम्हाला आठव्या महिन्यात जाग आली, तरी जमलं. फाटकाच्या दोन बाजूंना दोघं, एकमेकांना दिसतील अशी, दोघांकडे चघळायला काहीतरी, आणि वेळ फक्त दोन मिनिटं. रडायला लागायच्या आत फाटक उघडायचं. मग पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती शांत राहायला लागल्यावर फाटकावर चादर टाकायची, मग दार लोटायचं. एखाद्या दिवशी मागे जावं लागतं, तेव्हा पुन्हा दोन मिनिटांवर या. वेगळ्या खोल्यांत शांतपणे जेवायला आमच्याकडे सहा आठवडे लागले.

गेल्या महिन्यात चिकूला गोचीडतापासाठी एक रात्र दवाखान्यात ठेवावं लागलं. बंड्या दारापाशी थोडा वेळ वास घेत बसला. मग आत आला, त्याची ताटली रिकामी केली आणि नवऱ्याच्या पायापाशी झोपला.