साखरपुड्याला कलांचो फुलवायचाय? सप्टेंबरपासून अंधाराची सोय करा

डिसेंबरच्या मध्यावर घरच्या घरी साखरपुडा आहे आणि खिडकीतला कलांचो (जाड पानांचं, कुंडीतलं फुलझाड) त्या दिवशी भरगच्च फुललेला हवा, तर तारखेपासून मागे मोजायला बसा. रोज 14 तास अंधाराचे सहा आठवडे, त्यानंतर कळी मोठी होऊन उमलायला आणखी सहा-सात, आणि एक आठवडा हाताशी. म्हणजे सुरुवात सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

कुंडीची कामं मात्र ऑगस्टमध्येच उरका. मागच्या हिवाळ्यातलं झाड असेल तर वाळके तुरे काढून टाका, लांबुडके शेंडे खुडा, पण पानं भादरू नका. रात्र किती मोठी आहे हे झाडाला पानांतूनच कळतं. तळाचं भोक मोकळं आहे ना ते काडी घालून बघा, कारण पाणी साचलं की याचा बुडखा सडायला वेळ लागत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी तेव्हाच करायची, कळ्या आल्यावर नाही.

आता मुख्य काम. नर्सरीत जो-तो विचारतो, ‘फुलांसाठी कोणतं खत घालू?’ कलांचोला हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याला हवी रोज 14 तासांची सलग रात्र. आपल्याकडे सप्टेंबरात रात्र जेमतेम 12 तासांची, डिसेंबरातही 13 च्या आसपास, आणि त्यात हॉलमधली ट्यूब साडेअकरापर्यंत चालू. पॉलिहाउसमधले शेवंतीवाले हेच तंत्र वापरतात: फूल लांबवायचं तर रात्री दिवे, लवकर आणायचं तर काळं कापड. आपल्याला पुठ्ठ्याचा मोठा खोका पुरतो. फटींना चिकटपट्टी लावा, आत डोकावून कुठून उजेड येतो का ते दुपारीच तपासा. संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला काढायचं आणि दिवसभर खिडकीतला भरपूर उजेड द्यायचा. रात्री ‘कळी आली का’ म्हणून मोबाइलचा टॉर्च मारायचा नाही. रात्र मधेच तुटली की झाडाच्या हिशेबी ती छोटीच. दिवाळी लवकर असेल तर आकाशकंदिलाचा उजेडही हिशेबात धरा. घरात कोण झाकणार, कोण उघडणार हे आधीच वाटून घ्या, नाहीतर शनिवार-रविवार हमखास राहून जातो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात खोका पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. रात्र गरम गेली की कळी रेंगाळते. पाणी सकाळी, वरची माती सुकल्यावरच. ओली पानं रात्रभर झाकली तर बुरशी धरते. या काळात नत्राचं खत बंद.

सहा आठवड्यांनी शेंड्याला हिरव्या दाण्यांचा बारीक घोस दिसला की खोका अडगळीत टाका. दिसला नाही तर आणखी एक आठवडा चालू ठेवा. दोन कुंड्या असतील तर दुसरी दहा दिवस मागून सुरू करावी, हे माझं ठाम मत. पुढचं सोपं आहे. कळ्या पुढे पळत असतील तर कुंडी गार, पण उजेड असलेल्या सावलीत. मागे असतील तर उबदार खिडकीत. तुरा कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे थोडं लवकर फुललेलं चालतं, उशीर मात्र भरून निघत नाही. नोव्हेंबरअखेर कळ्यांना रंग दिसला नाही, तर नर्सरीत फुललेल्या कुंड्या सांगून ठेवा आणि मोकळे व्हा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर, कारण हे झाड त्यांना विषारी आहे. आणि समारंभाच्या आदल्या रात्री फळांच्या परड्या भरून ठेवाल, त्या कलांचोपासून लांब, जमल्यास दुसऱ्या खोलीत ठेवा. पिकत्या केळी-सफरचंदांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने उमललेली फुलं मिटतात.